हल्ल्यानंतरची पहिली रात्र आणि सोसायटीचा ग्रुप

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. पहलगामच्या वेळी ग्रुप दोन दिवस नुसता पेटला होता. खरं काय, खोटं काय, कळेना. एका समाजाविषयी वाट्टेल ते लिहिलं गेलं आणि आमच्याच इमारतीतल्या मुस्लिम कुटुंबाने गुपचूप ग्रुप सोडला. मी मध्ये बोलले तर 'मॅडम, तुम्हाला मेलेल्यांचं काही वाटत नाही का?' असं ऐकावं लागलं. पुन्हा असं घडलं तर नेमकं काय करायचं? आणि अ‍ॅडमिन म्हणून माझ्यावर केस होऊ शकते का?"

मॅडम, केसचं आधी सांगून टाकतो, म्हणजे ती धास्ती बाजूला ठेवून बाकीचं बोलता येईल. केवळ अ‍ॅडमिन आहात म्हणून दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराचा गुन्हा तुमच्या माथी मारता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. त्या सदस्याशी तुमचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र तुम्ही स्वतः फॉरवर्ड केलंत की तो मजकूर तुमचा झाला. 'मला आलं तसं पुढे पाठवलं' हे पोलिस ठाण्यात ऐकून घेतात, मान्य कुणी करत नाही. समाजासमाजात वैर वाढवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे, अफवेने लोकांना भडकवण्याबद्दल ३५३ आहे. शहरात मनाई आदेश लागू असेल तर त्यात ग्रुपबद्दल वेगळ्या सूचना असू शकतात, तेवढा कागद नीट वाचायचा. कायद्याचं एवढंच.

मी सोलापुरात एका मराठी दैनिकाच्या सिटी डेस्कवर उमेदीची सगळी वर्षं काढली. पान सोडायची वेळ झालेली, वार्ताहराचा फोन लागत नाही आणि बाहेरून दर मिनिटाला नवी 'खात्रीलायक' माहिती येते आहे, अशा रात्री बऱ्याच पाहिल्या. आता पत्रकारितेच्या मुलांना, आणि बोलावलं तर शांतता कमिटीच्या लोकांना, आलेला फॉरवर्ड कसा तपासायचा ते शिकवतो. माझं मत असं झालं आहे की हल्ल्यानंतर ग्रुपवर येणारं निखळ खोटं पकडणं फार अवघड नसतं. जास्त त्रास देते ती खरी बातमी आणि तिच्या आडून आलेला खोटा निष्कर्ष. खोटी क्लिप तपासता येते. 'हे लोक असलेच' हे वाक्य कशाने तपासणार? त्याला ना तारीख, ना ठिकाण.

पहलगामचंच घ्या. २२ एप्रिल २०२५ ला बैसरनच्या मैदानात २६ जणांना मारलं. त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले, डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे. मारेकऱ्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्या, हे वाचलेल्या माणसांनीच सांगितलं. ते खरं आहे आणि खरं आहे असंच म्हणायला हवं. त्या दिवसांत काही भली माणसं ग्रुपवर लिहीत होती, 'धर्माचा विषय काढू नका, तसं काही झालेलंच नाही.' हेतू चांगला, परिणाम उलटा. ज्यांनी त्या घरच्या बायकांचं बोलणं टीव्हीवर आपल्या कानांनी ऐकलं होतं त्यांना वाटलं, हे लोक झाकताहेत. पुढे याच भल्या माणसाने एखादी खोटी क्लिप पुराव्यानिशी खोडून काढली तरी त्याचं कोण ऐकणार? साख गेली ती गेली.

आता त्याच घटनेच्या आणखी दोन गोष्टी. घोड्यावरून पर्यटकांना फिरवणारा एक स्थानिक मुस्लिम तरुण त्यांना वाचवायला गेला आणि मारला गेला. २६ मधला तोही एक. दोन महिन्यांनी एनआयएने हल्लेखोरांना आसरा दिल्याच्या आरोपावरून दोघांना पकडलं, तेही स्थानिकच, आणि त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीवरून मारेकरी पाकिस्तानी नागरिक असल्याचं जाहीर केलं. एका जागेची ही तीन प्रकारची माणसं. ज्याला जे सिद्ध करायचं त्याने त्यातला एक उचलायचा. ग्रुपवर कुणी घोडेवाला धरून बसलं, कुणी आसरा देणारे. दोघांच्याही हातात खरीच बातमी होती. आणि त्याच आठवड्यात देशात ठिकठिकाणी शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना धमक्या येत होत्या, खोल्या सोडायला सांगत होते. त्या मुलांचा या तिन्हींपैकी कशाशीच संबंध नव्हता.

निखळ खोटंही होतंच. नौदलाचा जो तरुण अधिकारी मारला गेला, त्याचा आणि पत्नीचा 'शेवटचा व्हिडिओ' म्हणून एका जोडप्याच्या नाचाची क्लिप देशभर फिरली. ते जोडपं भलतंच होतं. त्यांना स्वतःच पुढे येऊन 'आम्ही जिवंत आहोत' असं सांगावं लागलं. ती क्लिप पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात द्वेष नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण 'मी काही वाईट हेतूने टाकलं नाही' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, आणि ते बहुधा खरंच असेल. पुढे त्याच अधिकाऱ्याच्या पत्नीने 'मुस्लिमांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी, न्याय हवा' असं म्हटलं, तेव्हा लोक तिच्यावरच तुटून पडले, इतके की राष्ट्रीय महिला आयोगाला मध्ये बोलावं लागलं. तिचा फोटो सगळ्यांना हवा होता. तिचं म्हणणं नको होतं.

हे असं का होतं, याचं मला पटलेलं उत्तर जुनं आहे, मोबाइलच्या कितीतरी आधीचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोघांनी अफवांवर प्रयोग केले. एका माणसाला चित्र दाखवायचं, त्याने ते न बघणाऱ्या दुसऱ्याला वर्णन करून सांगायचं, त्याने तिसऱ्याला. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस समोरासमोर उभे होते आणि वस्तरा गोऱ्याच्या हातात होता. सांगता सांगता निम्म्याहून अधिक वेळा तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. कुणी ठरवून खोटं बोललं नाही. डोक्यात आधीपासून जो साचा होता त्यात वस्तरा 'बसला' तिथे बसला. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं हसतात, मग मी त्यांना विचारतो, परवा शहरात मोबाइल हिसकावल्याची बातमी वाचलीत तेव्हा मनात चेहरा कुणाचा आला? वर्ग गप्प होतो.

व्हॉट्सअ‍ॅपने वस्तऱ्याचा वेग वाढवला, एवढंच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्यांचा माग काढला, तेव्हा खोटी बातमी रिट्विट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. आणि ते काम मुख्यतः माणसंच करत होती, यंत्रांवर ढकलायची सोय नव्हती.

१३ एप्रिल २०२४ ला सिडनीत बाँडाय जंक्शनच्या मॉलमध्ये एकाने चाकूने सहा जणांना मारलं. पहिल्या काही तासांत तो मुस्लिम दहशतवादी ठरला. मग एका ज्यू विद्यार्थ्याचं नाव आणि फोटो फिरू लागला, इतका की एका मोठ्या वाहिनीने ते नाव प्रसारितही केलं. हल्लेखोर निघाला क्वीन्सलँडचा, दीर्घकाळ मानसिक आजार असलेला माणूस. मेलेल्या सहांत मॉलचा सुरक्षारक्षक होता, पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेला मुस्लिम तरुण. म्हणजे एकाच दिवसात वस्तरा दोन समाजांच्या हातात देऊन झाला, आणि ज्याच्या समाजाला आरोपी केलं त्यातलाच एक जण लोकांना वाचवताना गेला होता.

त्याच वर्षी २९ जुलैला इंग्लंडमधल्या साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात शिरून एकाने तीन छोट्या मुलींना ठार केलं. आरोपी १७ वर्षांचा, म्हणून कायद्याने पोलिसांना नाव सांगता येईना. ती रिकामी जागा काही तासांत भरली गेली: एक बनावट मुस्लिम नाव, सोबत 'गेल्या वर्षी बोटीने आलेला निर्वासित' ही जोड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या मशिदीबाहेर दंगल झाली, मग ती गावोगाव पसरली, निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांना आगी लावण्याचे प्रयत्न झाले. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी नाव उघड करायला परवानगी दिली. मुलगा वेल्समधल्या कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडाचे. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

या रिकाम्या जागेबद्दल आम्हा डेस्कवाल्यांचं एकमत नाही. आमच्याकडे जुना नियम होता, 'दोन गटांत हाणामारी' असं लिहायचं, धर्म-जात लिहायची नाही. छापील जमान्यात तो शहाणपणाचा होता. आता 'दोन गट' वाचलं की वाचक मोबाइल उघडून बघतो, कुठले गट. आणि तिथे त्याची वाट बघत कोण बसलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. इंग्लंडच्या पोलिसांनीही साउथपोर्टवरून धडा घेतला. २६ मे २०२५ ला लिव्हरपूल फुटबॉल संघाच्या विजययात्रेत गर्दीत गाडी घुसली तेव्हा पोलिसांनी थोड्याच वेळात सांगून टाकलं, पकडलेला ५३ वर्षांचा, गोरा, ब्रिटिश, जवळपासचाच. अफवा जागच्या जागी बसली. पण यात एक मेख आहे. गोरा असला की लगेच सांगायचं आणि नसला की गप्प बसायचं असं झालं, तर पुढच्या वेळी पोलिसांची शांतताच घोषणा ठरते. त्यामुळे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे नवी मार्गदर्शक सूचना आली: गंभीर, गाजलेल्या प्रकरणात आरोप ठेवल्यावर वंश आणि नागरिकत्व सांगण्याचा विचार करावा.

आपल्याकडे हेच पालघरमधल्या गडचिंचल्यात दिसलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने मारलं. त्या भागात आधी काही दिवस मुलं पळवणारे, अवयव काढणारे फिरताहेत अशी अफवा होती. देशभर मात्र ते मुसलमानांनी केलं असं पसरलं. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नसल्याचं सांगितलं. त्या क्षणी ते गरजेचं होतं, असं मी मानतो. तरी कोर्टात काहीही सिद्ध व्हायच्या आधी १०१ माणसांची नावं चव्हाट्यावर आली, हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं.

सोलापूरच्या माणसाला 'एकाने केलं, सगळे तसलेच' हे कुठवर जातं ते परक्या उदाहरणांतून शिकायची गरज नाही खरं तर. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात, हजेरी लावून ठेवायच्या वसाहती केल्या, त्यातली एक मोठी वसाहत आपल्या गावात होती. १९५२ मध्ये कायदा गेला. आजही आपण रिक्षावाल्याला 'सेटलमेंटला सोड' म्हणतो तेव्हा त्याच वसाहतीचं नाव घेत असतो. तिथे वाढलेल्या मुलांना नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना काय वाटायचं, हे माझ्यासोबत डेस्कवर काम केलेल्या एका मित्राकडून मी ऐकलं आहे. पत्ता विचारला की तो जवळच्या दुसऱ्याच पेठेचं नाव सांगायचा.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा फॉरवर्डनी तो सगळा भाग आधीच भाजून निघाला होता. यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, म्हणून जमाव गोळा झाला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. अनोळखी, भटके, वेगळ्या वेशातले; साच्यात ते बरोबर बसले. त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या क्लिपांपैकी एक, मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणाऱ्या दोघांची, ही कराचीतल्या बालसुरक्षेच्या जागृतीपटातून कापलेली होती. मूळ फिल्ममध्ये शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पालकांसाठी सूचना दाखवतात. कुणीतरी तो शेवट तेवढा कापला. अशा हत्यांनंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली.

त्याआधी २०१४ च्या जूनमध्ये पुण्यात हडपसरला एका संगणक अभियंत्याला जमावाने मारलं, तोही सोलापूरचा. फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रं कुणीतरी टाकली होती, शहर तापलं होतं. याचा त्या पोस्टशी काडीचा संबंध नव्हता. ओळखू आला तो दाढी-टोपीवरून. आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. या दोन्ही घटनांत मेलेली माणसं इथली आणि अफवा तिथली. तुमच्या सोसायटीतून रात्री अकराला निघालेला फॉरवर्ड सकाळी कुठल्या बाजाराच्या गावात पोचेल, हे पाठवणाऱ्याला कधीच दिसत नाही.

आता तपासण्याचं. मागे एका तणावाच्या रात्री मला अर्ध्या मिनिटाची क्लिप आली. खाली मजकूर: 'विजापूर वेस, आत्ता. पोलिस नुसते बघत उभे.' अशा वेळी मी आधी आवाज बंद करतो, कारण ओरडण्याने डोकं चालत नाही. मग गर्दीकडे न बघता कडेला बघतो. डाव्या कोपऱ्यात एक हिरवी रिक्षा, बाजूला लोखंडी जाळीचं दार. अशी रिक्षा मी सोलापुरात कधी पाहिलेली नाही. मागे दुकानाची पाटी. अक्षरांवर रेघ होती म्हणून घाईत देवनागरी वाटावी, पण वाचायला गेलं तर एक शब्द लागेना. बंगाली होती. एकाही गाडीवर सोलापूरचा एमएच १३ नाही. पाटी स्पष्ट दिसेल असा स्क्रीनशॉट काढून चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सला दिला, तर तोच व्हिडिओ ढाक्याचा, महिन्यांपूर्वीचा. पण खरी खात्री झाली ती त्याआधीच. विजापूर वेशीतल्या ओळखीच्या फळवाल्याला फोन लावला होता. तो म्हणाला, "काय ओ साहेब, मी गाडा लावून बसलोय, गिऱ्हाईक नाही. मारामारी कुठली आली?" स्वतःच्या गावाबद्दलच्या अफवेला एका फोनइतकं चांगलं औषध दुसरं नाही. तुमच्या सोसायटीत ज्यांचं दुकान नव्या पेठेत आहे, ज्यांचा भाऊ सिव्हिलला आहे, ज्यांची मुलगी कन्ना चौकात क्लासला जाते, त्यांची मनात एक यादी करून ठेवा.

व्हॉइस नोटचं तपासणं जास्त किचकट, तिला लेन्स लागू होत नाही. पण तिचा साचा ठरलेला असतो. बोलणाऱ्याला नाव नसतं, तारखेच्या जागी 'आज' असतं, नातं 'माझ्या मेव्हण्याच्या मित्राने डोळ्यांनी पाहिलं' असं असतं आणि शेवटी 'हे चॅनेलवाले दाखवणार नाहीत'. आपल्या गावात त्यात आणखी एक भर. तीच नोट कानडीत विजयपूरकडून येते, तीच दोन दिवसांनी तेलुगूत पूर्व भागातल्या ग्रुपांवर, मग मराठीत, उर्दूत. दर वेळी चौकाचं नाव तेवढं बदललेलं. चार भाषांत आली म्हणून ती चार साक्षीदारांची होत नाही. आणि दोन बाणांची खूण, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज, दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. लोक व्हिडिओ उतरवून घेऊन नव्याने टाकतात, बाण गायब.

हे सगळं एकाच बाजूने होतं अशा समजात राहू नका. शांतता कमिटीच्या बैठकीत मी एकदा दोन्ही समाजांतल्या पोरांना आपापले मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितले. एकाकडे 'ते जमताहेत' अशी क्लिप, दुसऱ्याकडे 'आपल्या पोरांना उचलताहेत' अशी. दोन्ही जुन्या, दोन्ही परराज्यातल्या. दोघांनी एकमेकांच्या स्क्रीनकडे बघितलं आणि पहिल्यांदा कुणी भांडलं नाही.

ग्रुपवर काय करायचं, तर पहिल्या रात्रीसाठी सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिननाच मेसेज टाकता येतील असं करा. बारा-चौदा तास पुरतात. लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. त्याआधी एक मेसेज टाका. माझा नमुना असा असतो: 'घडलेलं भयंकर आहे. गेलेल्यांना श्रद्धांजली. आजची रात्र ग्रुप बंद ठेवत आहे. पोलिस आणि जिल्हा प्रशासनाकडून काही सूचना आली तर मी टाकेन. कुणाला कशाबद्दल शंका असेल तर मला वैयक्तिक फोन करा.' यात उपदेश नाही, कुणाचं नाव नाही. 'कृपया सलोखा राखा' हेही मी लिहीत नाही. ते वाचून ज्याच्या डोक्यात काही नव्हतं त्यालाही वाटतं की बाहेर काहीतरी पेटलंय.

कुणी खोटं टाकलं असेल तर ग्रुपवर त्याची उतरवू नका. चारचौघांत खोटा पडलेला माणूस माघार घेत नाही, आणखी तीन क्लिपा टाकतो. फोन करा: "काका, तुम्ही टाकलेला व्हिडिओ ढाक्याचा निघाला, तुमचं नाव खराब व्हायला नको, तुम्हीच काढून टाका ना." बहुतेक काका काढतात. मग ग्रुपवर एका ओळीत दुरुस्ती टाका, सुरुवात खऱ्याने करा, आणि ती खोटी क्लिप पुन्हा जोडू नका. लोक दुरुस्ती वाचत नाहीत, चित्र बघतात.

'हे लोक असलेच' या वाक्याला मात्र फॅक्टचेकची लिंक देऊन काही होत नाही, मी सांगितलंच. तिथे मी एकच प्रश्न विचारतो: "यातल्या कुणाबद्दल बोलताय?" माणूस आधी 'सगळेच' म्हणतो. "आपल्या तिसऱ्या मजल्यावरचे?" मग तो म्हणतो, "नाही, ते नाहीत, ते चांगले आहेत." तेवढं पुरतं. त्या रात्री त्याचं मत बदलणार नाही, तुमचा तो हट्टही नको. पुढचा मेसेज टाइप करताना तिसरा मजला त्याच्या डोळ्यांसमोर येईल, एवढंच साधायचं.

'मेलेल्यांचं काही वाटत नाही का' याचं उत्तर वादात देऊ नका. त्या माणसाला खरंच दुःख झालेलं असतं आणि तुमची दुरुस्ती त्याला दुःखावरचा आक्षेप वाटते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गेलेल्यांबद्दल बोला, मनापासून, मग बाकीचं. मृतदेहांचे फोटो, रडणाऱ्या बायकांचे फोटो काढून टाकायला सांगाल तेव्हाही त्याच भाषेत सांगा: त्यांच्या घरच्यांना हे बघावं लागू नये म्हणून.

ग्रुप सोडलेल्या कुटुंबाकडे तुम्ही गेलात का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. गेला नसाल तर अजूनही जा, उशीर वगैरे काही नसतो. त्यांना 'तुम्ही निषेध का नाही केलात' असं चुकूनही विचारू नका. तुम्हाला मला असं कुणी कधी विचारत नाही. लगेच परत अ‍ॅड करायचीही घाई नको. पाण्याच्या टँकरचे, लिफ्टच्या दुरुस्तीचे, वर्गणीचे निरोप त्या ग्रुपवर येतात आणि ते कुटुंब तेवढ्यालाही मुकलं आहे, हा त्यांचा रोजचा व्यवहारी प्रश्न आहे. त्या निरोपांसाठी फक्त सूचनांचा, कुणाला काही टाकता येणार नाही असा वेगळा ग्रुप काढा आणि त्यात सगळ्या घरांना घ्या. काही सोसायट्यांनी असं केलेलं मी पाहिलंय, तो ग्रुप टिकतो.

राहिली तक्रार. कुणी कुणाच्या घरावर, दुकानावर जायची भाषा केली, पत्ता किंवा फोटो टाकला, तर ते आपसात मिटवायचं नाही. डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. लगेच धोका असेल तर ११२. नसेल तर जवळचं पोलिस ठाणं किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. लोक १९३० ला फोन लावतात. सोलापूरकराला तो आकडा त्या साली शहरात इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉमुळे पाठ असतो, पण ती हेल्पलाइन ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची आहे. ठाण्यात एकट्या जाऊ नका, सोसायटीच्या सेक्रेटरींना बरोबर घ्या, अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.